आमच्या गाडीचं पासिंग

मी पत्रकं लिहितो. शाळा सोडल्यापासून तेच करत आलो आहे. सावकार, दारूचे गुत्ते, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, बालविवाह, कशाकशावर लिहिलं त्याची मोजदाद नाही. पत्रकाचं एक बरं असतं. लिहिणारा कायम बरोबर असतो आणि चुकणारा कायम समोर असतो. हे जे आता लिहितो आहे ते पत्रक नाही, म्हणून मला ते जड जातं आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्याच्या अलीकडच्या टोकाला. बारामती तिथून अकरा मैल. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर बारामतीचं हायस्कूल. मुलगे सायकली मारत जायचे. मुलींनी काय करायचं? फाट्यावर बस यायची साडेअकराला आणि बारामतीत शाळा भरायची अकराला. एवढ्यावरच आमच्या भागातल्या पोरींचं शिक्षण संपायचं. कुणी बंदी घातलेली नव्हती हो. नुसती वेळ जुळत नव्हती.

मी वीस वर्षांचा होतो तेव्हा हे प्रकरण डोक्यात घेतलं. घरोघर फिरलो, ओट्यांवर बसलो, शिव्या खाल्ल्या. शेवटी काही घरांनी मिळून एक जुनी, चारी बाजूंनी बंद असलेली गाडी घेतली. लष्कराच्या लिलावात निघालेली, युद्धात जखमी वाहून नेणारी. आम्ही तिला हिरवा रंग दिला, तरी बाजूचा तांबडा क्रॉस उन्हात रंगाखालून दिसायचाच. वाटेतल्या पिंपळी गावावरून जाताना पारावरची माणसं हटकून म्हणायची, "आला दवाखाना." पोरी आतून हसायच्या.

पहिल्या वर्षी तीन मुली होत्या. माझी धाकटी बहीण, गुरवांची मुलगी, आणि वांग्याचा मळा करणारे आबा होते त्यांची मुलगी. तिघी आठवीत बसल्या. मागून आणखी चार आल्या. मी हे सांगतो आहे त्या वर्षी पहिल्या तिघी मॅट्रिकला होत्या. आमच्या गावातून मॅट्रिकला बसणाऱ्या पहिल्याच.

बापांनी एकच अट घातली होती. बंद गाडीत, सगळ्या एकत्र, उजेडात जायचं आणि उजेडात यायचं. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, ती अट आणखी आखूड करून सांगितली होती. "गाडी थांबली की शाळा थांबली. मग माझ्याशी भाषणं करायची न्हाईत."

आणि जानेवारीत गाडी थांबली.

माणसं बसवायची गाडी म्हटली की वर्षातून एकदा तिला पासिंगला न्यावं लागतं. पुण्याहून मोटारींच्या खात्याचा इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा बारामतीला यायचा आणि कचेरीमागच्या मैदानात गाड्या तपासायचा. आधीची तीन वर्षं जे साहेब यायचे ते खुर्चीतून उठत नसत. हॉर्न वाजवायला सांगायचे, चहा घ्यायचे, शिक्का मारायचे. त्या वर्षी नवे साहेब आले. काटकुळे, खाकी अर्ध्या विजारीतले. त्यांनी गोणपाट अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरले. आम्हाला अर्धा तास त्यांचे फक्त बूट दिसत होते.

बाहेर आले ते कागद भरूनच. पुढच्या दोन्ही टायरांवर नक्षी उरली नव्हती. मागच्या स्प्रिंगाचे पाटे मोडले होते आणि ते आम्ही तारेनं बांधले होते. स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाकाला पत्ता नसायचा. एक दिवा आंधळा. वायपर नव्हताच, पावसात आमचा मिस्त्री हात बाहेर काढून फडक्यानं काच पुसायचा. धुराची नळी फुटून धूर आत, पोरींच्या पायाशी येत होता. तळाचा पत्रा गंजून त्याला भोकं पडली होती आणि त्यांतून खालचा रस्ता दिसायचा. सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं, ब्रेकचे लायनर, म्हणजे आतले घासणारे पट्टे, झिजून रिव्हेट उघडे पडले आहेत. खाली एक शब्द, नापास.

"सगळं खरं हाय," मिस्त्री म्हणाला. बारामतीत त्याचं दुकान होतं, गाडी तोच हाकायचा आणि तोच दुरुस्त करायचा. "सायबानं एक बी खोटं लिवलं न्हाय. म्या तुमाला दोन सालं झाली सांगतुया, पाटे बदला, पाटे बदला."

"मागच्या साहेबांनी तर पास केली होती," मी म्हणालो.

"मागल्या सायबानं गाडी कवा बघितली?"

मी त्याला बाजूला घेतलं आणि हळू विचारलं, या साहेबांना काही द्यावं लागेल का. तो म्हणाला, "ह्यानला काय नको. हीच तर आडचन हाय."

मला ते पटलं नाही. मी इतकी पत्रकं लिहिली होती की काही नको असलेला अधिकारी मला ओळखूच येत नव्हता.

पुढचं पासिंग फेब्रुवारीत, आणि परीक्षा मार्चमध्ये. मधले चार आठवडे मुली घरी बसल्या. बसल्या म्हणजे आमच्या ओट्यावर बसल्या. बारामतीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या, विधवा, एका खोलीत राहायच्या. मी सायकलवर जाऊन त्यांच्याकडून गणितं आणायचो आणि सोडवलेली परत पोचवायचो. बाई लाल पेन्सिलीनं तपासून नंबर घालायच्या. पहिला नंबर आबांच्या मुलीचा. दुसरा गुरवांच्या मुलीचा. तिसरा माझ्या बहिणीचा. एकदाही बदल झाला नाही. बहीण चिडायची. "दादा, तू सायकलवरनं आनताना माझा कागद चुरगाळतोस, म्हनून."

इकडे गाडी आमच्या अंगणात दगडांवर चढली. टायर आले, पाटे आले. आबांनी माळ्यावरच्या सागवानी फळ्या काढून दिल्या, त्या तळाला ठोकल्या. आबा कमी बोलणारा माणूस. फळ्या खांद्यावरून उतरवल्या आणि म्हणाले, "पाय वर घिऊन बसत हुत्या पोरी. आता खाली सोडतील." तेवढंच.

तात्या लांबून बघायचे. त्यांचं आयुष्य बैलगाडीत गेलं होतं. उसाच्या हंगामात त्यांची गाडी रस्त्यावरून गेली तर कुणाला कळायचं नाही. चाक म्हणून कुरकुरायचं नाही. दर खेपेआधी गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं काढायचे आणि एरंडेल, राख आणि आणखी कायकाय घालून केलेलं ते काळं वंगण बोटानं आसाला भरायचे. दुसऱ्या कुणाला ते करू द्यायचे नाहीत. मोटारीला मात्र त्यांनी चार वर्षांत हात लावला नव्हता. "ते तुमचं डबडं," म्हणायचे.

पासिंगच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. मिस्त्रीनं सकाळी चारही चाकं आणि त्यांच्यामागचे ब्रेकचे ड्रम काढून नवे लायनर बसवले होते. फक्त ड्रम आणि चाकं चढवायची राहिली होती. दुपारी तो माझी सायकल घेऊन नमाजला बारामतीला गेला. जाताना म्हणाला, "कुनी हात लावू नका. म्या येतो."

मी ओट्यावर काहीतरी खरडत होतो. बघतो तर तात्या गाडीजवळ उकिडवे बसलेले, हातात नळकांडं. एका चाकाच्या उघड्या आसाला बोटानं वंगण भरलं, मग दुसऱ्या. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, चार वर्षांत पहिल्यांदा म्हाताऱ्यानं गाडीला आपलं म्हटलं.

"काय करताय तात्या?"

"चाकं कोरडी ठाक हायती. असंच सोडून गेला मिस्त्री. निस्ती कुरकुर करतील उद्या सायबाफुडं."

ब्रेक चाकात असतो, आणि तो कोरडा असला तरच धरतो, हे मला ठाऊक होतं का? नव्हतं. गाडीच्या परवान्यावर, मुलींच्या हक्कांवर, पाचशे वर्षांच्या अन्यायावर मी तासभर बोलू शकलो असतो. ब्रेक कसा धरतो ते मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. उलट मीच म्हणालो, "चला, मिस्त्री येईपर्यंत चाकं चढवून टाकू." आणि बापलेकांनी मिळून चारही ड्रम आणि चाकं चढवली. मी नट आवळत होतो आणि तात्या सांगत होते, अजून एक आटा, अजून एक.

मिस्त्री आला तो वैतागला. "कुनी बसिवली?" पण ब्रेकचं पायडल दाबून पाहिलं तर ते घट्ट लागत होतं. त्यानं मग चाकं परत उघडली नाहीत.

सकाळी अकरा मैल गेलो. पिंपळीच्या वळणावर गाडी थोडी पुढंच गेली. मिस्त्री म्हणाला, "नवं लायनर हाय. बसायला येळ लागंल."

मैदानात साहेबांनी मागचा कागद समोर ठेवून एकेका ओळीपुढे खूण केली. टायर, पाटे, स्टिअरिंग, दिवा, वायपर. तळाच्या फळ्यांवर बूट आपटून बघितले आणि म्हणाले, "उत्तम." मी तेव्हा मनात पेढे वाटले. मग त्यांनी मैदानात चुन्याची एक रेघ ओढली, मिस्त्रीशेजारी बसले आणि म्हणाले, "वेगात आणा आणि माझा हात खाली आला की थांबवा. रेघेच्या आत."

हात खाली आला. गाडी रेघेवरून गेली, रेघेपुढच्या लिंबाच्या सावलीतून गेली आणि कचेरीच्या भिंतीला नाक लावायला आली तेव्हा मिस्त्रीनं हँडब्रेक ओढला.

"परत," साहेब म्हणाले.

परत आणली. या वेळी त्याहून पुढं गेली. भिंतीपाशी बसलेला एक अर्ज लिहिणारा आपलं डेस्क उचलून पळाला.

साहेब उतरले आणि लिहायला लागले. मी आडवा गेलो. "साहेब, सगळं नवं घातलंय. काल घातलंय. तीन मुली मॅट्रिकला आहेत. तुम्हाला काय पाहिजे ते स्पष्ट बोला."

त्यांनी वर बघितलं. "ब्रेक पाहिजे."

"म्हणजे आम्ही समजायचं काय?"

"गाडी थांबत नाही, असं समजायचं," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.

मी तिथून तडक छापखान्यात गेलो. मिस्त्री मागून ओरडत होता की आधी चाक उघडून बघू द्या, मग काय ते करा. मी थांबलो नाही. छापखान्यात उभ्या उभ्या लिहिलं. मला लिहायला कधीच वेळ लागत नाही. सामान्य माणसाच्या लेकी शिकू लागल्या की साहेबांच्या पोटात का दुखतं? नवे लायनर, नवे टायर, तरी नापास! चहापाणी मिळालं नाही म्हणूनच ना? खाली माझं नाव. दुपारपर्यंत कागद ओले ओलेच बाजारात वाटले. लोकांनी पाठ थोपटली. एकानं तर साहेब जिथं जेवायला बसले होते तिथं त्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला.

संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानाशी गेलो. चारही चाकं उघडी होती. मिस्त्रीनं नव्या लायनरवरून बोट ओढलं आणि माझ्या नाकाशी धरलं. एरंडेलाचा वास.

"हे बैलगाडीचं वंगन हाय," तो म्हणाला. "आता ह्ये लायनर वाया. तापलं तसं सगळीकडं पसरलं. सायबानं रेघ धा पावलं फुडं वढली आसती तर भिंतीत हुतो आमी दोघं." मग म्हणाला, "तुमचा कागद वाचला म्या. आता त्यो कसा पुसायचा?"

मी घरी जाऊन तात्यांवर तुटून पडलो. मी म्हणालो तुम्ही मुद्दाम केलंत. म्हणालो, गाडी थांबली की शाळा थांबली, हेच पाहिजे होतं तुम्हाला. बहीण दारात उभी होती, तिच्यादेखत म्हणालो.

तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "चाकाला वंगान न लावता गाडी जुपली आसं आजवर झालं न्हाय माझ्या हातनं," ते म्हणाले. "पोरी बसनार हुत्या तिच्यात." मग बहिणीकडं बघितलं. "तुला बी तसंच वाटतंय का गं?"

ती म्हणाली, "न्हाय तात्या." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

एकच वाट उरली होती. नवे लायनर घालायचे, गाडी रिकामी पुण्याला न्यायची आणि तिथल्या कचेरीत पासिंग मागायचं. परीक्षेला तीन आठवडे होते. मिस्त्रीनं दोन दिवसांत काम केलं. निघताना तात्या धुतलेलं धोतर नेसून आधीच आत जाऊन बसलेले. मी म्हटलं तुम्ही कशाला. ते म्हणाले, "वंगान कुनी लावलं?"

पुण्यात तेच साहेब भेटले. टेबलावर काचेखाली माझं पत्रक ठेवलेलं होतं. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं.

"हे बघा," ते म्हणाले. "तुमची गाडी आज मी पास केली, तर लोक म्हणतील पत्रकाला घाबरला. नापास केली तर म्हणतील सूड उगवला. मी तुमच्या गाडीला हात लावू शकत नाही. दुसरे अधिकारी तपासतील."

"कधी?"

त्यांनी वही उघडली. ते दुसरे अधिकारी दौऱ्यावर होते. पहिली मोकळी तारीख परीक्षा संपल्यावर सातव्या दिवसाची होती.

तात्या उठले आणि हात जोडले. "सायेब, पोरगं येडं हाय. वंगान म्या लावलं. त्याचा कागद फाडून टाका आन् गाडी बघा."

साहेबही उठून उभे राहिले, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. "बाबा, तुमचं वंगण पुसता आलं," ते म्हणाले. "हे छापलंय."

आम्ही गाडी तशीच परत आणली.

बापांनी अट मोडली नाही. त्यात त्यांची काही चूक नव्हती, अट मीच कबूल केली होती. लहान चौघींचं ते वर्ष बुडालं, त्यांना पुढच्या वर्षी बसता आलं असतं. प्रश्न तिघींचा होता. मी तात्यांच्या पाया पडलो. शेवटी ते म्हणाले, परीक्षेच्या आठवड्यापुरती बारामतीत एखाद्या बाईमाणसाच्या घरात जागा बघ, मग धाडतो. गुरव आणि आबांनीही तेच मान्य केलं.

मी बारामतीत दार अन् दार वाजवलं. ज्यांनी माझी पाठ थोपटली होती त्यांचीही. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाच्या घरी तरणी मुलं होती, कुणाला परक्याच्या लेकींची जोखीम नको होती. एकजण म्हणाला, "तुम्ही पत्रकवाले. उद्या आमच्या घरात पोरीला ताप आला तर आमच्यावर काढाल." संध्याकाळी बसस्थानकामागच्या नळावर तोंड धुतलं आणि तिथंच खाली बसलो, कारण घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

मग उठून गणिताच्या बाईंकडे गेलो. त्यांना आधी विचारलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे एकच खोली होती. बाईंनी खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोघी मावतील. तिसरीला पाय पसरायला जागा नाही, आणि घरमालक दोघींच्या वर ऐकायचा नाही. दोघी आणा. कोणत्या ते तुम्ही ठरवा, मला ते सांगू नका. तिघी माझ्याच आहेत."

मी ठरवलं. सायकलवर अकरा मैल होते, विचार करायला पुष्कळ वेळ होता, आणि मी विचार करूनच ठरवलं हे मला लिहिलं पाहिजे. पहिलं नाव बहिणीचं. ते ठरवायला पिंपळीसुद्धा लागली नाही. दुसरं नाव न्यायानं आबांच्या मुलीचं. पण गुरव तोंडाचा फटकळ. त्याची मुलगी गाळली असती तर त्यानं चावडीवर माझं पागोटं उडवलं असतं, गावभर सांगितलं असतं की हा आपल्या बहिणीला पुढं करतो. आबा काही बोलले नसते. जो बोलणार नाही त्याच्याच मुलीला मी गाळलं. अशा माणसांवर मी किती पत्रकं लिहिली होती!

आबांना सांगितलं, "बाईंनी या दोघींची नावं घेतली. माझा इलाज नाही." आबांनी मान हलवली. बहिणीला सांगितलं, "आबा तिला एकटीला पाठवायला तयार नाहीत." एका दुपारी दोन घरांत दोन खोटी.

परीक्षा झाली. मी रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभा राहायचो. शेवटच्या दिवशी पेपर सुटला तेव्हा बहीण बाहेर आली, सगळ्या मुली हसत होत्या आणि ती नव्हती. मला वाटलं भूमिती अवघड गेली.

"बाई आज म्हनाल्या, तू तरी सांग, तिसरीला कोनी गाळलं," ती म्हणाली. "मी म्हनलं आबाच न्हाय म्हनाले. बाई गप्प झाल्या. दादा, आबा न्हाय म्हनाले हुते का?"

मी म्हणालो, "नाही. आबा तसं म्हणाले नव्हते."

ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही, गुरवांच्या मुलीशेजारी बसली. फाट्यावर उतरली ती घरी न येता सरळ मळ्याच्या वाटेला लागली.

सातव्या दिवशी गाडी पास झाली. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी रेघ ओढली, मिस्त्रीनं गाडी रेघेच्या वीतभर अलीकडं उभी केली. मिस्त्री खूश होता. मी कागद घेतला आणि त्याला चहासुद्धा पाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या घरी आले. ते कुणाच्या घरी जात नसत. तात्यांनी घोंगडं टाकलं, त्यावर बसले. तंबाखू मळली, तोंडात टाकली नाही.

"एक इचारायचं हुतं," ते मला म्हणाले. "तुझी भन आली हुती मळ्यात. रडत हुती. काय बोलली ते मला नीट उमगलं न्हाय. ती दोन नावं बाईंनी घेतली का तू?"

तात्या माझ्याकडे बघत होते. बहीण आत चुलीशी होती, तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मी घेतली," मी म्हणालो.

"मग तसं सांगायचं," आबा म्हणाले. आवाज चढला नाही. "म्या घरी जाऊन पोरीला म्हनलं, बाईंनी हुशार दोघी निवडल्या, तू कमी पडलीस. ती त्या दिसापास्नं खाली मान घालून वांगी तोडतीया. मला वाटलं लाज वाटली आसंल."

तात्या उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं होतं ते मला मारतील.

मी आबांच्या मागून मळ्यात गेलो. ऊन चढलं होतं. ती वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला होती, पाटी अर्धी भरलेली. आबा बांधावर थांबले. मी वाफ्यातून तिच्यापर्यंत गेलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. सगळ्या कागदांवर तुझा पहिला नंबर होता. बाईंनी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. ती दोन नावं मी घेतली.

तिनं एक वांगं तोडलं, देठ बघितला, पाटीत टाकलं.

"पैला नंबर हुता ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "बाईंच्या लाल पेन्शिलीनं लिवलेला असायचा, मला वाचता येतंय. मला कशाला सांगतुयास? आबांस्नी सांग. म्या कमी पडले ते त्यांस्नी खरं वाटलंय."

मी मागं वळलो. आबा लांब होते, एवढ्या अंतरावरून त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी परत वाफ्यातून त्यांच्याकडे चालत गेलो.